राष्ट्राध्यक्ष टिकणार की जाणार? अंदाज बांधताना या चुका टाळा

७ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, नॅशनल असेंब्लीबाहेर म्हणजे तिथल्या संसदेबाहेर कडाक्याच्या थंडीत प्रचंड जमाव उभा होता. चारच दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी रात्री अचानक मार्शल लॉ (लष्करी कायदा) पुकारला होता आणि काही तासांतच तो मागे घ्यायची वेळ त्यांच्यावर आली होती. आता त्यांच्याविरुद्धच्या महाभियोगावर मतदान होतं. अशा अंदाजांची मी एक वही ठेवतो. तीत त्या दुपारी मी लिहिलं, 'आज ठराव मंजूर होणार, शक्यता ९० टक्के.' सत्ताधारी पक्षाचे जवळजवळ सगळे खासदार सभागृहातून उठून गेले. मतदान केलं १९५ जणांनी, लागत होते २००. मतं मोजलीही गेली नाहीत, ठराव बारगळला.

मी बाहेरची गर्दी बघत होतो. बघायला हवं होतं आतल्या आठ जणांकडे. असेंब्लीत ३०० जागा, दोन तृतीयांश म्हणजे २००, आणि विरोधकांकडे १९२. बाकीचा देश काय म्हणतो याला महत्त्व होतं, पण त्याने या आठ जणांचं मन किती हलतं तेवढ्यापुरतंच. आठवड्याने, १४ डिसेंबरला, पुन्हा मतदान झालं आणि ठरावाच्या बाजूने २०४ मतं पडली. मधल्या सात दिवसांत रस्त्यावरचं चित्र तेच होतं. बदलले होते ते सत्ताधारी बाकांवरचे मूठभर लोक.

त्यानंतर मी जुन्या नोंदी काढून बसलो. चुका पुन्हा पुन्हा त्याच त्याच होत्या, आणि त्या एकट्या माझ्या नव्हत्या.

लोकप्रियता घसरली म्हणजे खुर्ची गेली, असं धरून चालणं

पेरूमध्ये दिना बोलुआर्ते डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. पुढे जनमत चाचण्यांत त्यांना पसंती देणारे दोन-चार टक्केच उरले. इतक्या कमी पाठिंब्यावर कुणी महिनाभर तरी टिकेल का, असं आपण म्हणू. त्या जवळजवळ तीन वर्षं टिकल्या. तिथल्या काँग्रेसमध्ये १३० पैकी ८७ मतं पडली की राष्ट्राध्यक्षांना घरी पाठवता येतं. पण त्या गेल्या तर मुदतपूर्व निवडणूक लागेल आणि आपली जागाही जाईल, ही धास्ती खुद्द खासदारांनाच होती. ऑक्टोबर २०२५ येईपर्यंत पुढच्या एप्रिलची निवडणूक जाहीर झालेली होती आणि खंडणी, खून यांवरून लोक भडकलेले होते. आता त्यांच्या शेजारी उभं राहणंच खासदारांना महाग पडणार होतं. एका रात्रीत १२२ मतांनी त्यांना काढून टाकलं. त्यांची पसंती वर्षभरापूर्वीही तितकीच कमी होती; बदललं होतं ते त्यांना ठेवण्या-काढण्यातलं खासदारांचं नफा-नुकसान.

उलटं उदाहरणही घ्या. दक्षिण कोरियातच २००४ साली रो मू-ह्युन यांच्यावर असेंब्लीने १९३ विरुद्ध २ मतांनी महाभियोग चालवला. आकडा बघून कुणीही म्हटलं असतं, संपला विषय. पण हा विरोधकांचा डाव आहे असं लोकांना वाटलं, महिनाभराने झालेल्या निवडणुकीत रो यांच्या बाजूच्या उरी पक्षाला २९९ पैकी १५२ जागा मिळाल्या, आणि १४ मे २००४ रोजी, तिथे महाभियोगावर शेवटचा निर्णय देणाऱ्या घटना न्यायालयाने त्यांना पुन्हा पदावर बसवलं. म्हणजे जनमताची ताकद होती, पण ती निवडणुकीतून वाहत आली.

म्हणून पहिलं काम हे: कुलपाची किल्ली कुणाच्या हातात आहे, त्यांची नेमकी संख्या किती, आणि त्यांना काय गमवावं लागेल, हे कागदावर लिहून काढा. मगच चाचण्यांचे आकडे उघडा.

आपल्याकडचं गणित तिकडे लावणं

मराठी वाचकाला बहुमत चाचणी पाठ असते. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, तेव्हा चहाच्या टपरीवरही १४५ चा आकडा चर्चेत होता. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी थांबवायला नकार दिला आणि २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. संसदीय पद्धतीत आकडे जमले नाहीत की सरकार जातं. अध्यक्षीय पद्धतीत राष्ट्राध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी निवडून आलेला असतो. सभागृहाचा विश्वास गमावला म्हणून तो जात नाही. अमेरिकेत निम्म्याहून अधिक खासदार विरोधात असले तरी राष्ट्राध्यक्ष चार वर्षं सुखाने काढू शकतो.

अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक गोंधळ सतत दिसतो. 'महाभियोग झाला' हे वाचून लोक 'पद गेलं' असं समजतात. प्रतिनिधीगृहाने साध्या बहुमताने आरोप मंजूर केले की महाभियोग झाला. पदावरून काढायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश, म्हणजे आज १०० पैकी ६७ मतं लागतात. आजवर महाभियोग झाले चार: अँड्र्यू जॉन्सन १८६८, बिल क्लिंटन १९९८, डोनाल्ड ट्रम्प २०१९ आणि २०२१. पद गेलं एकाचंही नाही. जॉन्सन यांच्या वेळी ३५ विरुद्ध १९ असा निकाल लागला, एक मत कमी पडलं. क्लिंटन यांच्यावर महाभियोग झाला त्याच सुमारास त्यांची लोकप्रियता सत्तर टक्क्यांच्या पुढे गेली होती. ट्रम्प यांच्या दुसऱ्या खटल्यात स्वतःच्याच पक्षाच्या सात सिनेटरांनी विरोधात मत दिलं, तरी बेरीज ५७ वर थांबली.

आणि ज्या एकाच राष्ट्राध्यक्षाला पद सोडावं लागलं, त्या रिचर्ड निक्सन यांच्यावर पूर्ण प्रतिनिधीगृहात महाभियोगाचं मतदान झालंच नाही. समितीने जुलै १९७४ मध्ये तीन आरोप मंजूर केले होते. ५ ऑगस्टला वॉटरगेट प्रकरणातल्या ध्वनिफितींचा मजकूर बाहेर आला, ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे त्यांच्याच पक्षाचे नेते भेटायला गेले आणि सिनेटमध्ये आता आधार उरलेला नाही हे त्यांनी सांगितलं. ९ ऑगस्टला निक्सन गेले. वाचायला ३४ सिनेटर पुरले असते. दोन वर्षांपूर्वीच हा माणूस ५० पैकी ४९ राज्यं जिंकून आला होता.

मुद्दा असा की पदावरून जाण्याची दारं अनेक असतात आणि बातम्या एकाच दाराकडे बोट दाखवतात. अमेरिकेत आजवर ४५ व्यक्ती राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांपैकी आठ पदावर असताना मरण पावले (चार हत्या, चार आजारपणं), राजीनामा एकाने दिला, काढलं कुणालाच नाही. वयस्क राष्ट्राध्यक्षाबद्दल अंदाज बांधताना ज्याने हा हिशेब धरला नाही, त्याने सगळ्यात मोठी शक्यताच सोडून दिली. आणि २५व्या घटनादुरुस्तीवर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष काम करायला असमर्थ आहे असं जाहीर करण्याच्या तरतुदीवर, फार भिस्त ठेवू नका. तिथे उपराष्ट्राध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचं बहुमत लागतं, आणि राष्ट्राध्यक्षाने हरकत घेतली तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. महाभियोगापेक्षा ती वाट अवघड आहे.

शांततेतून अर्थ काढणं

ही चूक मला सगळ्यात महाग पडली, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

युन यांचं प्रकरण घटना न्यायालयात गेलं. शेवटची सुनावणी २५ फेब्रुवारी २०२५ ला झाली. रो यांच्या वेळी सुनावणी संपल्यावर १४ दिवसांत निकाल आला होता, आणखी एक राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या महाभियोगाच्या वेळी ११ दिवसांत. इथे दोन आठवडे गेले, तीन गेले, निकालाची तारीखही जाहीर होईना. दरम्यान ७ मार्चला दुसऱ्या न्यायालयाने, फौजदारी प्रकरणात झालेली युन यांची अटक रद्द केली आणि ते बाहेर आले. न्यायमूर्तींत फूट पडली आहे, पाच-तीन अशी विभागणी आहे, अशा चर्चा रंगल्या. काढायला सहा मतं लागत होती, म्हणजे पाच-तीनचा अर्थ सुटका.

मी माझा ८५ टक्क्यांचा अंदाज ६० वर आणला. आज ती नोंद वाचताना दिसतं की हातात नवा पुरावा एकही नव्हता. संसदेत सैनिक पाठवल्याचं सगळ्या जगाने थेट प्रक्षेपणात पाहिलं होतं; ते पुसलं गेलेलं नव्हतं. अटक रद्द झाली ती कोठडीच्या मुदतीच्या मोजणीवरून आणि तपासाच्या अधिकाराबद्दलच्या शंकेवरून. मार्शल लॉ योग्य होता की नाही याच्याशी तिचा संबंध नव्हता. मी फक्त उशीर बघितला आणि उशिराला कारण चिकटवलं. ४ एप्रिलला, ३८ दिवसांनी, निकाल आला: आठ विरुद्ध शून्य. युन पदावरून गेले.

एकमताचा निकाल लिहायलाही वेळ लागतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. उशीर, अफवा, 'सूत्रांच्या' बातम्या यांनी आकडा हलवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: राष्ट्राध्यक्ष सुटणार असता तर ही गोष्ट घडली असती का, आणि जाणार असता तर? दोन्हीकडे 'हो' असेल, तर आकड्याला हात लावू नका.

तारीख न लावता अंदाज सांगणं

'सीरियाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद जाणार' हे २०११-१२ मध्ये जगभरातल्या कितीतरी सरकारांनी आणि अभ्यासकांनी सांगितलं. असद गेले ८ डिसेंबर २०२४ ला, तेही बहुतेकांनी ते आता पक्के बसले असं मान्य केल्यानंतर. मग ते २०११ चे लोक बरोबर होते का? तारीख नव्हती, म्हणून उत्तरच नाही. अंदाज नेहमी 'अमुक तारखेपर्यंत' असा लिहा.

तारखेइतकीच व्याख्याही नेमकी हवी. श्रीलंकेत ९ जुलै २०२२ ला जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. गोटाबाया राजपक्षे १३ तारखेला राजीनामा देतील असं सभापतींनी जाहीर केलं. १३ ला ते मालदीवला पळाले आणि रानिल विक्रमसिंघे यांना प्रभारी नेमलं, पण राजीनामा आला तो १४ ला, सिंगापूरहून, ईमेलने. सभापतींनी तो १५ ला अधिकृतपणे जाहीर केला. '१३ जुलैपर्यंत जातील' म्हणणारा चुकला की बरोबर ठरला? युन यांचंही तसंच: १४ डिसेंबर ते ४ एप्रिल ते राष्ट्राध्यक्षही होते आणि अधिकारही गोठलेले होते. यातलं काय मोजायचं ते आधीच लिहून ठेवा.

आपली इच्छा आकड्यात मिसळणं

मला युन जायला हवे होते. ज्या देशाने लष्करी राजवट भोगून लोकशाही मिळवली, तिथे रात्रीतून सैनिक संसदेत येतात हे मला सहन होत नव्हतं, आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्या भावनेने ७ डिसेंबरच्या आकड्यात निदान वीस टक्के भर घातली. आता मी एक करतो: अंदाज लिहिण्याआधी, दुसऱ्या बाजूचा हुशार वकील काय म्हणेल ते पाच ओळींत लिहितो. पाच ओळी सुचल्या नाहीत तर त्या दिवशी आकडा लिहित नाही.

अंदाज चुकला तर कुठे तपासायचं

राष्ट्राध्यक्ष तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त टिकला, तर बहुधा तुम्ही किल्लीवाल्यांचं नुकसान मोजलेलं नसतं. अपेक्षेआधी गेला, तर दुसरं दार बघायचं राहिलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष संसदेच्या विश्वासावर टिकतो; तिथे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांनी ऑगस्ट २०१७ चा अविश्वास ठराव १९८ विरुद्ध १७७ मतांनी पार केला. गुप्त मतदानातही वाचले म्हणून सगळे संसदेकडे पाठ फिरवून बसले. डिसेंबरात त्यांच्याच पक्षाने सिरिल रामाफोसा यांना पक्षाध्यक्ष निवडलं आणि १४ फेब्रुवारी २०१८ ला पक्षानेच झुमा यांना राजीनामा द्यायला लावला. गोटाबाया यांच्याकडेही संसदेत भक्कम बहुमत होतं. पण तिजोरीत परकीय चलन नव्हतं आणि पंपांवर पेट्रोल नव्हतं. संसदेचे आकडे तिथे शेवटपर्यंत त्यांच्याच बाजूने दिसत राहिले असते.

तेव्हा नव्या प्रकरणाची नोंद उघडताना मी सध्या एवढं लिहितो: किल्लीवाले कोण आणि किती, किती कमी पडतात, त्यांची स्वतःची निवडणूक कधी आहे, पक्षाचं अधिवेशन कधी आहे, पोलीस आणि लष्कर कुणाचं ऐकतं, राष्ट्राध्यक्षाचं वय काय, आणि शेवटची तारीख. त्याखाली आकडा, पेनने.