ब्रिटनमध्ये एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्ट घेताना इनसाइड, आउटसाइड आणि अम्ब्रेलाचा हिशोब कसा लावावा

एजन्सीवाला फोनवर 'दिवसाला ४५० पौंड' म्हणाला की लगेच होकार देऊ नये. तो आकडा कुणाच्या हातात पडणार आहे, हे आधी विचारावं. तुमच्या स्वतःच्या लिमिटेड कंपनीच्या इन्व्हॉइसवरचे ४५० आणि अम्ब्रेला कंपनीकडे (म्हणजे तुम्हाला नोकरीवर घेऊन, कर कापून पगार देणाऱ्या मधल्या कंपनीकडे) जाणारे ४५० यांत महिनाअखेरीस फार मोठा फरक पडतो. गेल्या काही वर्षांतल्या करबदलांनी हा फरक वाढवला आहे.

स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्याला नोकरासारखा कर लावायचा का, हे ठरवणारा आयआर ३५ हा नियम एप्रिल २००० पासून आहे. उत्तर 'नोकर' आलं तर काम 'इनसाइड', 'स्वतंत्र' आलं तर 'आउटसाइड'. 'हा माणूस खरोखर स्वतंत्र आहे की कंपनीचा मुखवटा घातलेला नोकर?' याचं उत्तर पूर्वी कॉन्ट्रॅक्टरची स्वतःची कंपनीच द्यायची. सरकारी क्षेत्रात एप्रिल २०१७ पासून हा निर्णय क्लायंटकडे गेला आणि खासगी क्षेत्रात ६ एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या क्लायंटकडे गेला. निर्णय चुकला तर कराचा भुर्दंडही साखळीत वर, म्हणजे एजन्सी किंवा क्लायंटवर येतो. साहजिकच अनेक मोठ्या कंपन्यांनी लिमिटेड कंपन्यांशी व्यवहारच थांबवला आणि लोक अम्ब्रेलाकडे वळले.

१. क्लायंट लहान आहे का ते विचारा

खासगी क्लायंट 'लहान' असेल तर इनसाइड की आउटसाइड हे अजूनही तुमची कंपनीच ठरवते आणि जबाबदारीही तिचीच राहते. उलाढाल, ताळेबंद आणि कर्मचारीसंख्या या तीनपैकी दोन कसोट्यांवर हे ठरतं. जुन्या मर्यादा १.०२ कोटी पौंड, ५१ लाख पौंड आणि ५० कर्मचारी अशा होत्या. ६ एप्रिल २०२५ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी पहिल्या दोन मर्यादा दीड कोटी आणि ७५ लाख पौंड झाल्या. क्लायंट कोणत्या गटात बसतो याचा अंदाज बांधत बसू नका, लेखी विचारा. त्याला ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

२. निर्णय कागदावर घ्या

मध्यम किंवा मोठ्या क्लायंटने 'स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट' द्यायचं असतं. त्यात नुसतं 'इनसाइड' लिहून भागत नाही, कारणंही हवीत. ते तुम्हाला आणि एजन्सीला, दोघांनाही मिळालं पाहिजे. 'आमच्याकडे सगळेच इनसाइड' असा सरसकट शेरा म्हणजे वाजवी काळजी घेतली असं होत नाही आणि तशी काळजी न घेतल्यास कराची जबाबदारी क्लायंटवरच राहते. आक्षेप घ्यायचा असेल तर लेखी घ्या. त्यालाही ४५ दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

आक्षेपात काय लिहायचं? तीन मुद्दे महत्त्वाचे: तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का, काम कसं करायचं यावर क्लायंटचं नियंत्रण किती आहे, आणि पुढचं काम देण्याची व घेण्याची बांधिलकी आहे का. इथे एक ठरलेली चूक होते. एजन्सीशी केलेल्या तुमच्या करारात बदली माणसाचं कलम छान लिहिलेलं असतं, पण क्लायंट आणि एजन्सी यांच्यातल्या वरच्या करारात त्याचा मागमूस नसतो. एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं करखातं, दोन्ही करार आणि प्रत्यक्षातलं काम एकत्र पाहते, त्यामुळे एकाच कागदावरचं ते कलम कामाला येत नाही.

३. दर कुठला, हे एका वाक्यात लिहून घ्या

अम्ब्रेलाच्या बाबतीत एजन्सी जो सांगते तो बहुतेकदा 'असाइनमेंट रेट' असतो, तुमचा पगार नव्हे. मालकाने (इथे अम्ब्रेलाने) भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी, ०.५ टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठीचा कर) आणि अम्ब्रेलाचा मार्जिन (तिची फी) हे सगळं त्यातूनच निघतं. एप्रिल २०२५ पासून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला. शिवाय त्याची सुरुवात वर्षाला ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांपासूनच होते.

आठवड्याचे पाच दिवस, ४५० दर, म्हणजे २,२५० पौंड धरा. मार्जिन २० पौंड धरला तर उरतात २,२३०. त्यातून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स सुमारे २७७ आणि लेव्ही सुमारे १० पौंड. तुमचा ग्रॉस पगार होतो जवळपास १,९४३. हाच हिशोब २०२५ पूर्वीच्या दराने केला तर १,९७२ च्या आसपास येतो. म्हणजे दर तोच राहिला आणि आठवड्याला २९ पौंड गळाले. १,९४३ मधून नेहमीची करमुक्त रक्कम धरणाऱ्या १२५७एल या टॅक्स कोडवर सुमारे ५३६ प्राप्तिकर आणि ७७ तुमचा स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स कापला की हातात १,३३० च्या आसपास पडतात. पेन्शन आणि स्टुडंट लोन यात धरलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे टप्पे वेगळे आहेत, तिथे हा आकडा बदलेल.

सुट्टीचा पगार वरून मिळत नाही, तो याच १,९४३ मध्ये असतो. १२.०७ टक्क्यांनी मोजला तर मूळ पगार १,७३४ आणि सुट्टीचा वाटा २०९. तो दर आठवड्याला हातात मिळतो की अम्ब्रेला राखून ठेवते, हे करारात बघा. राखून ठेवत असेल तर वर्षअखेरीस न मागितलेले पैसे बुडतात का, हेही विचारा.

हे सगळं 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' या कागदावर नमुना हिशोबासह असतं. एप्रिल २०२० पासून अटी ठरण्याआधी एजन्सीने तो द्यायचा आहे. लिमिटेड कंपनीतून काम घेताना एजन्सी एखादा 'ऑप्ट-आउट' फॉर्म (एजन्सीवरच्या नियमांचं संरक्षण सोडल्याचा) पुढे करते. त्यावर घाईने सही करू नका, कारण त्यानंतर हा कागद देण्याचं बंधन उरत नाही.

४. अम्ब्रेला पारखून घ्या

६ एप्रिल २०२६ पासून अम्ब्रेलाने पीएवायई (पगारातून कापून भरायचा कर आणि नॅशनल इन्शुरन्स) भरला नाही तर एचएमआरसी तो थेट एजन्सीकडून वसूल करू शकते. साखळीत एजन्सीच नसेल तर क्लायंटकडून. त्यामुळे एजन्सीची अम्ब्रेलांची यादी आखूड झाली तर तो आडमुठेपणा समजू नका, तिच्याच गळ्याशी फास आहे.

तरीही पे-स्लिप तुम्हीच बघायची. पगाराचा एक भाग करपात्र आणि दुसरा भाग 'लोन', 'अ‍ॅडव्हान्स' किंवा 'अ‍ॅन्युइटी' अशा नावाखाली बिनकराचा दिसला, तर ती करचुकवेगिरीची योजना आहे असंच समजा. '८५ टक्के हातात' ही जाहिरातही त्याच जातीची. वरचा हिशोब पुन्हा बघा, सरळ मार्गाने ५९ टक्के मिळतात. पहिल्या पगारानंतर एचएमआरसीच्या पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये लॉगिन करून पे-स्लिपवरचा आकडा तिथे पोचला का ते तपासा. आधीचा पी४५ (जुनी नोकरी सोडताना मिळणारा कराचा दाखला) किंवा दुसरी माहिती दिली नसेल तर चुकीचा टॅक्स कोड लागून करमुक्त रक्कम न धरताच कर कापला जाऊ शकतो. तो कोड म्हणजे '०टी'.

५. आउटसाइड असाल तर

तुमची कंपनी इन्व्हॉइस करते, नफ्यावर कॉर्पोरेशन टॅक्स भरते (५०,००० पौंडांपर्यंत १९ टक्के, अडीच लाखांवर २५, मधल्या पट्ट्यात सवलत) आणि उरलेलं डिव्हिडंड म्हणून देते. एप्रिल २०२६ पासून डिव्हिडंडवरचा कर ८.७५ वरून १०.७५ आणि ३३.७५ वरून ३५.७५ टक्के झाला, करमुक्त रक्कम फक्त ५०० पौंड. आउटसाइडचा फायदा अजून आहे, पण पूर्वीइतका नाही. एकट्या डायरेक्टरच्या कंपनीला एम्प्लॉयमेंट अलाउन्स (मालकाच्या नॅशनल इन्शुरन्समधली सूट) मिळत नाही, हे पगार ठरवताना विसरलं जातं. बारा महिन्यांची उलाढाल ९०,००० पौंडांवर गेली की व्हॅट नोंदणी आली.

'मग कंपनी कशाला, सोल ट्रेडर (कंपनीविना, स्वतःच्या नावाने) म्हणूनच जातो' हा विचार एजन्सीच्या कामात सहसा टिकत नाही. तुमच्या कामावर देखरेख, निर्देश किंवा नियंत्रण असेल तर एजन्सीलाच पीएवायई कापावा लागतो, म्हणून बहुतेक एजन्स्या त्या वाटेला जातच नाहीत.

६. इनसाइड झालात तर दर पुन्हा बोला

आउटसाइडचा ४५० दर इनसाइड झाल्यावर तसाच ठेवू नका. क्लायंटने दर वाढवला नाही तर वरच्या हिशोबातले मालकाचे २७७ पौंड दर आठवड्याला तुमच्याच खिशातून जातील. एजन्सीशी बोलताना हाच आकडा पुढे ठेवा, 'दर कमी वाटतो' या तक्रारीपेक्षा तो जास्त ऐकला जातो. मुदतवाढ मिळाली किंवा कामाचं स्वरूप बदललं, की नवं स्टेटमेंट मागायला विसरू नका.