वर्गासाठी एक्सेल वापरताय? या चुका टाळा

शिक्षकांना एक्सेल शिकवताना पहिली चूक बहुधा शिकवणाऱ्याकडून होते. पहिला तास रो, कॉलम आणि रिबन यांची ओळख करून देण्यात जातो, मग एखाद्या कंपनीच्या पगारपत्रकाचं उदाहरण पडद्यावर येतं. समोर बसलेल्या बाईंना मात्र संकलित मूल्यमापनाचे गुण भरून श्रेणी काढायच्या असतात आणि केंद्रप्रमुखांनी मागितलेला तक्ता संध्याकाळपर्यंत पाठवायचा असतो. प्रत्येकाने आपापल्या वर्गाचा पट सोबत आणावा आणि त्याच्यावरच शिकावं. पगारपत्रक कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तक्ता सुंदर, पण निकामी

आपल्याला छापील प्रपत्रांची सवय. त्यामुळे एक्सेल उघडलं की आधी शाळेचं नाव मधोमध, त्यासाठी आठ सेल मर्ज (म्हणजे जोडून एक), मग 'मुले' आणि 'मुली' यांच्यावर आणखी एक मर्ज केलेली ओळ. कागदावर छान दिसतं. पण सॉर्ट करायला, म्हणजे यादी क्रमाने लावायला गेलात की एक्सेल अडतं, कारण मर्ज केलेले सेल त्याला हलवता येत नाहीत. यावर एकच उपाय टिकाऊ आहे: एका शीटवर फक्त माहिती, म्हणजे वर शीर्षकाची एकच ओळ आणि खाली एका विद्यार्थ्याला एक ओळ. सजावट दुसऱ्या शीटवर.

सॉर्ट करताना फक्त नावांचा कॉलम निवडू नका. नावं अकारविल्हे लागतात, गुण जागेवरच राहतात आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. एक्सेल अशा वेळी निवड वाढवू का, असं विचारतं. तिथे घाईघाईत 'नाही' म्हणणारे बरेच आहेत.

आकडे दिसतात तसे नसतात

सर्वात महागात पडणारी चूक ही. सरल या राज्याच्या शालेय माहिती प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक 19 अंकी, तर एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले 15 अंकच धरून ठेवतं. पुढच्या चार अंकांच्या जागी शून्य येतं. एकाच शाळेतल्या मुलांचे क्रमांक नेमके या शेवटच्या अंकांतच वेगळे असतात, त्यामुळे अख्ख्या वर्गाचा क्रमांक एकसारखा होऊन बसतो. आधार क्रमांक 12 अंकी म्हणून वाचतो, पण तोही मध्येच दशांशचिन्ह आणि 'ई' घेऊन दिसतो. बँक खात्याच्या सुरुवातीचं शून्य तर गायबच. भरण्याआधी कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. नंतर करून उपयोग नाही, गेलेले अंक परत येत नाहीत.

जन्मतारखेचंही असंच. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर 05/06/2015 ही 5 जून न राहता 6 मे होते. 25/06/2015 मात्र तारीखच मानली जात नाही, ती मजकूर म्हणून सेलच्या डाव्या बाजूला चिकटते. एका कॉलममध्ये काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजा, गडबड आहे. विंडोजमध्ये रीजन 'इंग्लिश (इंडिया)' ठेवा, गूगल शीट्समध्ये फाइलच्या सेटिंग्जमधलं लोकेल 'इंडिया' करा.

गैरहजर मुलाला शून्य देऊ नका. चाचणीत तिघांना 18, 16, 14 गुण आणि चौथा गैरहजर असेल, तर सरासरी 16. त्याच्या नावापुढे 0 लिहिलंत की ती 12 वर येते. 'गै' लिहा, अ‍ॅव्हरेज आणि सम ही सूत्रं मजकूर सोडून देतात. अधिकचं चिन्ह वापरून बेरीज केली असेल तर मात्र तिथे 'व्हॅल्यू'ची चूक दिसेल.

श्रेणी काढताना 'इफ' (जर-तर) सूत्राच्या लांबलचक माळेत 71 ते 80 ला ब-1 आणि 81 ते 90 ला अ-2 असं लिहिलं, की 80.5 टक्के मिळवणारी मुलगी कुठेच बसत नाही. फक्त खालच्या मर्यादांचा चढता तक्ता करा: 0, 21, 33, 41, 51, 61, 71, 81, 91. त्यावर व्हीलूकअप, म्हणजे तक्त्यात गुण शोधून समोरची श्रेणी देणारं सूत्र, लावा आणि तक्त्याच्या पत्त्याला एफ4 दाबून डॉलरचं चिन्ह द्या. डॉलर नसेल तर सूत्र खाली ओढताना तक्ताही खाली सरकतो, आणि यादीच्या शेवटच्या मुलांच्या श्रेणी चुकतात.

मुलांसमोर वापरताना

गुणांची यादी प्रोजेक्टरवर लावून सरासरी शिकवू नका. ज्याचे गुण कमी, त्याचं लक्ष गणितात राहत नाही. मुलांनीच मोजलेली उंची घ्या, रोजची हजेरी घ्या. पोषण आहाराचा तांदूळ तर उत्तम उदाहरण: पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150. हजेरी बदलली की किलो किती बदलतील, याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा, मग आकडा बदलून पाहावा. माउस मुलांच्या हातात द्या. उंची भरताना '134 सेमी' असं लिहिलं तर तो मजकूर होतो. 'सेमी' शीर्षकात टाका. आवडत्या फळांना रेषालेख नको, स्तंभालेख काढा, आणि अक्ष शून्यापासून सुरू होतो ना ते पाहा. नाहीतर 38 आणि 40 हजेरीतला फरक दुपटीचा वाटतो.

जुन्या फॉन्टमध्ये भरलेली मराठी नावं तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अगम्य दिसतात. कुठल्याही संगणकावर नीट दिसणारं युनिकोडच वापरा.

गूगल शीटची लिंक ग्रुपवर टाकताना 'लिंक असलेल्या कोणालाही संपादन' हा पर्याय ठेवू नका, आणि आधार क्रमांकाचा कॉलम त्या फाइलमध्ये असूच नये. कुणी चुकून माहिती पुसली तर 'व्हर्जन हिस्ट्री'तून जुनी प्रत परत आणता येते. शाळेत रेंज येत-जात असेल, तर फाइल 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवा. हे बटण नेट चालू असतानाच दाबावं लागतं.