ख्रिस्ती लिबरल आर्ट्स कॉलेज निवडताना या चुका टाळा

दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये माझा फोन सुरू होतो. "मावशी, अमेरिकेत अ‍ॅडमिशन मिळालं! ख्रिश्चन कॉलेज आहे, काळजीच नाही." मी विचारते, करार वाचलास का? पलीकडे शांतता.

या कॉलेजांपैकी बरीच विद्यार्थ्याकडून वर्तनाच्या करारावर सही घेतात. आमच्या वसईतल्या एका पोराने ती लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर केली. "आपण ख्रिश्चनच ना, त्यात वाचायचं काय?" शिक्षण संपेपर्यंत दारू नाही, सुट्टीतही नाही, असं त्यात साफ लिहिलं होतं. नाताळात तो घरी आला. चुलतभावाच्या लग्नात वाइनचा ग्लास हातात घेऊन फोटो काढला आणि इन्स्टावर टाकला. आमच्याकडे लग्नात वाइन म्हणजे काही भानगड नव्हे, आजीच्याही हातात ग्लास होता! फेब्रुवारीत डीनच्या ऑफिसातून बोलावणं आलं. काढलं नाही, पण एक सेमिस्टर प्रोबेशन, म्हणजे ताकीद आणि वर्तनावर नजर. आईने मलाच विचारलं, "हे कसलं ख्रिश्चन कॉलेज?" अहो, आपण कॅथलिक, ते इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ. नाव एक, घरं वेगळी.

मी करार छापून घेते आणि पेन्सिल घेऊन मुलासमोर मोठ्याने वाचते. वीस मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसलेल्यांना चॅपल, म्हणजे कॉलेजची सामूहिक प्रार्थनासभा, झेपणार नाही. इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजमध्ये ते नियमित असतं, आणि हजेरी लागते. सगळीकडे नियम सारखे नसतात म्हणा, प्रवेशाचेही नाहीत. कॅलिफोर्नियाच्या बायोला विद्यापीठात पदवीसाठी येणारा विद्यार्थी ख्रिस्ती लागतो, मिशिगनच्या कॅल्विनमध्ये कुठल्याही धर्माचा चालतो.

आणि व्हीटन दोन आहेत. मॅसॅच्युसेट्समधलं ख्रिस्ती कॉलेज नव्हे. फॉर्म भरताना राज्य बघा.

दुसरं माझं दुखणं, स्कॉलरशिप. "वर्षाला 20 हजार डॉलर" वाचलं की पेढे वाटून मोकळे. एकूण खर्च 55 हजार असेल तर 35 हजार तुमच्याच खिशातून जाणार. फी दर वर्षी वाढते, स्कॉलरशिपचा आकडा बहुतेक ठिकाणी तोच राहतो आणि मार्क घसरले तर तोही जातो. आय-20 साठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदासाठी, एका वर्षाचे पैसे दाखवले की झालं, असं सांगणारे एजंट पुढच्या तीन वर्षांत फोन उचलत नाहीत. मी वहीत चार वर्षांचे चार रकाने आखते, दर वर्षी चार टक्के वाढ धरते आणि वही वडिलांसमोर सरकवते. पेढ्यांचा विषय तिथेच थांबतो.

लिबरल आर्ट्स म्हणजे आपली आर्ट्स शाखा नव्हे. तिथे फिजिक्सही येतं.

मान्यता कोणाची आणि कॉलेज आर्थिकदृष्ट्या उभं आहे का, हेही बघा. न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजने 2023 च्या उन्हाळ्यात पुढच्या सत्राचे वर्गच रद्द केले. विद्यार्थी दुसरी कॉलेजं शोधत फिरले.

परवा एकाने विचारलं, "मावशी, शॉर्टकट सांगा ना." मी त्याला छापलेला करार दिला. अजून परत आलेला नाही.