हॅम रेडिओकडे परतताय? पीटीटी दाबण्याआधी या चुका टाळा

कपाटातून हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संपर्काचा) सेट काढला, धूळ पुसली, छतावर तशीच राहिलेली जुनी डायपोल (तारेची साधी अँटेना) जोडली आणि पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) दाबला. बऱ्याच वर्षांनी परतलो त्या संध्याकाळी मी हेच केलं. कुणाचंच उत्तर आलं नाही. पुढचे दोन आठवडे मी सेटमध्ये दोष शोधत राहिलो. दोष होता केबलमध्ये.

मला चकवलं ते एसडब्ल्यूआर मीटरनं, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचा अंदाज देणाऱ्या मीटरनं. काटा १.३ दाखवत होता (१ म्हणजे उत्तम), म्हणून अँटेनाकडे मी बघितलंच नाही. पण केबल खराब झाली की सेटमधून निघालेली पॉवर जाताना वाटेत जिरते आणि अँटेनाकडून परतलेली उरलीसुरली येताना जिरते. मीटरपर्यंत परत काही पोचतच नाही, मग तो सगळं उत्तम असल्याचं सांगतो. केबलमध्ये एका बाजूनं १० डेसिबल घट असेल, म्हणजे पॉवरचा दहावा भागच पोचत असेल, तर दुसऱ्या टोकाला अँटेना नसली तरी मीटर साधारण १.२ दाखवेल! जुन्या केबलवर चांगला एसडब्ल्यूआर दिसला तर खूश होऊ नका, उलट शंका घ्या. खात्री करायची पद्धत सोपी आहे. केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, थोडी पॉवर सोडा आणि दोन्ही टोकांना पॉवर मोजा. सेटजवळ १० वॉट आणि तिकडे ५ वॉट, म्हणजे ३ डेसिबल वाटेत गेले.

मी शेवटी छतावरचा कनेक्टर कापला. आतली तांब्याची जाळी लालसर, चकचकीत असायला हवी. ती काळी पडली होती आणि सोल्डरपाशी हिरवट भुकटी जमली होती. चाकूनं आवरण सोलत गेलो, तर जवळजवळ दीड मीटरपर्यंत तोच काळा रंग. कनेक्टरमधून शिरलेलं पाणी ही जाळी दिव्याच्या वातीसारखं आत ओढत नेते. अशी केबल दुरुस्त करत बसू नका, बदला. नव्या कनेक्टरवर स्वतःशीच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

सेटचीही काळजी हवीच. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांच्यातला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. ट्रान्सफॉर्मरवाला जुना पॉवर सप्लाय किंवा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) सेट एकदम पूर्ण व्होल्टेजवर लावू नका. व्हेरिॲकनं (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं) काही तासांत हळूहळू चढवा. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असतं. कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालायचा नाही, म्हणजे नाहीच.

दुसरी तक्रार हमखास ऐकू येते: 'बँड मेलाय, नुसती खरखर आहे.' बँड, म्हणजे हॅम्सचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा, बहुतेक वेळा जिवंत असतो. आपण लांब होतो त्या काळात घरात एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर आले आणि त्यांचा गोंगाट एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झवर) पसरला. सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करून ऐका. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा, सापडेल.

रिपीटर (आपला सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं केंद्र) उघडत नसेल तर सेटला दोष देण्याआधी सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा, आवाजासोबत जाणारा खालचा सूर) लागतो का ते विचारा. बऱ्याच जुन्या हँडीत (हातात धरायच्या सेटमध्ये) ती सोय नसायची. बँड प्लॅनही (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय चालतं त्याचा आराखडा) पाठ आहे असं धरून चालू नका. ७.१ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा जगाच्या मोठ्या भागात हॅम्सना २००९ मध्ये मिळाला. लायसन्सची मुदत आणि कॉल साइन (हवेवरची आपली ओळख) अजून आपल्याच नावावर आहे का, हे मात्र ट्रान्समिट करण्याआधी बघा.

१४.०७४ मेगाहर्ट्झवर शिट्ट्यांचा थवा ऐकून बिघाड समजू नका. तो एफटी८, २०१७ मध्ये आलेला डिजिटल मोड; त्यात कॉम्प्युटर छोटे संदेश पाठवतो. तो वापरताना परतणाऱ्यांच्या दोन चुका होतात. कॉम्प्युटरचं घड्याळ दोन-तीन सेकंदांनी जरी चुकलं तरी डिकोड होत नाही. आणि १५ सेकंदांच्या पाळीत जवळजवळ १३ सेकंद सेट पूर्ण ताकदीनं ओरडत असतो. बोलताना मधूनमधून मिळणारी उसंत इथे नसते. १०० वॉटचा जुना सेट ३० वॉटवर ठेवा, ऑडिओ इतकाच द्या की एएलसीचा (जादा ऑडिओ आवरणाऱ्या सर्किटचा) काटा हलणार नाही.

लायसन्ससाठीची मोर्सची परीक्षा अनेक देशांनी २००३ नंतर काढून टाकली, पण बँडवर मोर्स भरपूर आहे. इथली चूक वेगाची. हाताला जुनी सवय असते, त्यामुळे आपण झरझर पाठवतो. समोरचा त्याच वेगानं उत्तर देतो आणि कान मागे पडतात. कानाला झेपेल त्याच वेगानं मोर्सची की (दाबायची खटकी) चालवा. तरीही हुकलं तर क्यूआरएस ('हळू पाठवा') पाठवा. समोरचा आनंदानं वेग कमी करतो.