जुनं काँक्रीट स्टेडियम भूकंपासाठी मजबूत करताय? आधी या चुका टाळा

जुन्या स्टेडियमच्या कामात पहिल्याच बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, खांब किती जाड करायचे?" मी उलट विचारतो, "सगळ्यांत आखूड खांब कुठला?" तो बहुधा कुणी मोजलेलाच नसतो. माझा सगळा वैताग इथून सुरू होतो.

गॅलरीचा आकारच तिरपा. मैदानाकडचे खांब बुटके, मागचे उंच. जमीन हलली की वरची तिरपी तुळई सगळ्यांना सारखंच सरकवू पाहते, पण बुटका खांब ताठ असल्यामुळे जास्तीचा भार तोच ओढून घेतो. ताठपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे मोकळी उंची निम्मी झाली की ताठपणा आठपट. हे दुखणं मूळ रचनेतच आहे, ते समजून घेता येतं. पण आपण त्यात भर घालतो. गॅलरीखाली जागा रिकामी दिसली की कुणाला तरी तिथे शौचालयं, तिकीट खिडक्या, सामानाच्या खोल्या सुचतात. मग खांबाखांबांमध्ये विटांची भिंत चढते आणि उजेडासाठी वर झरोक्यांची एक पट्टी सोडली जाते. साडेतीन मीटरच्या खांबाला हलायला उरतो जेमतेम एक मीटर. असा खांब वाकत नाही, कर्णरेषेत चिरतो. त्यातून जुन्या खांबांतल्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्या, एकमेकींपासून वीतभर किंवा त्याहूनही लांब आणि त्यांची टोकं आत न वळवलेली. चिरायला लागल्यावर त्याला धरून ठेवणारं काही नसतं.

उपाय साधा आहे. भिंत खांबापासून सोडवायची, मध्ये फट ठेवायची, त्यात दाबला जाणारा मऊ फोम भरायचा आणि भिंत आडवी पडू नये म्हणून तिला वर लोखंडी अँगलचा आधार द्यायचा. एका कामावर आम्ही हे उन्हाळाभर केलं. सहा महिन्यांनी सहज चक्कर मारली तर एकही फट दिसेना. सगळीकडे गुळगुळीत गिलावा, वर ताजा रंग. मुकादम अभिमानाने म्हणाला, "फटीतनं उंदीर शिरत होते साहेब, माल भरून टाकला." चार पाट्या मालात आमचं अख्खं काम बुजलं होतं. त्या फटी पुन्हा कापायला अकरा दिवस लागले, आणि बिल कुणी द्यायचं यावर त्याहून जास्त दिवस वाद झाला.

तेव्हापासून माझ्या पिशवीत हॅक्सॉचं एक जुनं पातं असतं. प्रत्येक फटीत ते घालून बघतो. आरपार गेलं नाही तर त्या दिवशी मोजमापवहीवर सही नाही. स्टेडियमच्या दोन भागांमधल्या एक्स्पान्शन जॉइंटलाही, म्हणजे मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या सांध्यालाही, तेच पातं. या सांध्यांत मी विटांचे तुकडे, शटरिंगच्या फळ्या, पोत्यांचे गोळे सगळं पाहिलंय. सांधा बुजला की वेगवेगळ्या उंचीचे दोन भाग भूकंपात एकमेकांना ठोकरतात.

आता दुसरा लाडका घोळ, ठिगळं. काँक्रीट फुगलंय, सळई दिसतेय, तेवढंच फोडलं, ब्रश मारला, मॉर्टर थापला, फोटो काढला. दोनतीन वर्षांत ठिगळ जागेवर शाबूत आणि त्याच्या भोवतीनं पोपडे. लोक मॉर्टरच्या कंपनीला शिव्या देतात. दोष मॉर्टरचा नसतो. गंजणारा तुकडा शेजारच्या सळईला एका परीने वाचवत होता. तिथे नवा क्षारीय मॉर्टर आला की तो भाग सुरक्षित होतो आणि गंजण्याची पाळी शेजाऱ्यावर येते. क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार, मुरलेल्या काँक्रीटमध्ये तर हमखास.

म्हणून सळईच्या मागे बोट जाईल इतकं खोल फोडा आणि सळईच्या बाजूने स्वच्छ लोखंड लागेपर्यंत पुढे जात राहा. कडा करवतीने सरळ कापा, पातळ होत जाणारी कड सोडू नका. ठिगळाच्या कडेला सळईऐवजी स्वतः गंजणारे जस्ताचे अ‍ॅनोड बांधा. काँक्रीटची क्षारता किती खोलवर गेलीय हे फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन सांगतं, गुलाबी झालं तिथे क्षारता शाबूत. पण ते ताज्या तुटलेल्या पृष्ठावर मारायचं, धुळीवर नाही. आणि कृपा करून खांब चारही बाजूंनी एकदम सोलू नका. आधी टेकू. हे सांगावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं.

बाकीचे घोळ थोडक्यात. रिबाउंड हॅमरच्या, म्हणजे पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणाऱ्या हातोड्याच्या, आकड्यावर ताकद ठरवू नका. कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरल्यामुळे, जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर खोटं कौतुक करतो. कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, कापून काढा आणि तपासा. जॅकेटिंग, म्हणजे खांबाभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण, स्लॅबपाशी थांबवलं तर कमकुवत जागा फक्त एक हात वर सरकते, सळया सांध्यातून आरपार गेल्या पाहिजेत. कार्बन फायबर गुंडाळण्याआधी खांबाच्या धारदार कडा गोल करा. केमिकल अँकरचं, म्हणजे रसायनाने सळई चिकटवायचं, भोक फुंका, ब्रश मारा, पुन्हा फुंका. धूळ राहिली तर सळई हाताने उपसून येते, मी उपसून दाखवली आहे.

सँडब्लास्टिंगची, म्हणजे वाळूच्या माऱ्याने काँक्रीट घासायची, घाई करणाऱ्यांना मी साइटवर उभं करत नाही. इटालियन अभियंते पिएर लुईजी नेर्वींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्सच्या स्टेडियममध्ये जे गोल फिरणारे जिने केले, त्यांचं रूप म्हणजे उघडं काँक्रीटच. अशा ठिकाणी काँक्रीटवर उमटलेले शटरिंगच्या फळ्यांचे ठसे हाच दागिना असतो. एकदा घासून टाकला की कुठलाही रंग तो परत आणत नाही. आधी कोपऱ्यात एक चौरस मीटर नमुना करा, तो उन्हापावसात ठेवा, मग बोला.

शिवाय सगळंच ताठ करून भूकंपाशी भिडायचं नसतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं बर्कलीचं १९२३चं मेमोरियल स्टेडियम हेवर्ड भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या सरकणाऱ्या भेगेवर, बसलंय. तिथे गॅलरीचा भ्रंशावरचा भाग इतरांपासून तोडून स्वतंत्र ठोकळे केले आणि ते प्लॅस्टिकचे थर आणि वाळूवर ठेवले. जमीन सरकली तर सरकू दे, फिरली तर फिरू दे. २०१२ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. घाई असलेल्यांना हा मार्ग सुचत नाही, कारण त्यासाठी आधी जमिनीखाली काय आहे ते शोधावं लागतं.

आणि खांब-तुळयांचा हिशेब संपला की वर बघा. नवा मोठा स्कोअरबोर्ड, प्रकाशझोतांचे मनोरे, गॅलरीच्या कडेचा जुना कठडा. यांची वजनं हिशेबात धरायची राहून जातात आणि कठडा बहुतेकदा नेमका बाहेर पडायच्या जिन्यावरच असतो.