स्वस्तातला रेड डॉट घेताना

रायफलसाठी कमी पैशातला रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) घ्यायचा असेल तर आधी तो चालू करून डोळ्यासमोर धरा. ठिपका गोल दिसायला हवा. फुलबाजीसारखा फाकलेला दिसला तर लगेच वस्तूला नावं ठेवू नका, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. कॅमेऱ्यात तो गोल असेल तर बहुधा दोष तुमच्या डोळ्यातला, ॲस्टिग्मॅटिझमचा, म्हणजे डोळ्याची गोलाई असमान असण्याचा. मग महागडा रेड डॉट घेऊनही तो जाणार नाही. प्रिझम साइट (आत प्रिझम असलेली छोटी दुर्बीण) बघा, तिची नेमाची खूण काचेवर कोरलेली असते, म्हणून सहसा फाकत नाही.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये (मिनिट ऑफ अँगल, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) देतात. २ एमओएचा ठिपका १०० मीटरवर साधारण ६ सेंटीमीटर जागा झाकतो, ६ एमओएचा साडेसतरा. मला रायफलवर २ किंवा ३चाच पटतो. बॅटरी सीआर २०३२ असेल तर उत्तम, ती कुठेही मिळते.

स्वस्त साइट खरी फसते ती झिरो टिकवण्यात, म्हणजे ठिपका ठेवला तिथेच गोळी लागेल अशी केलेली जुळणी टिकवण्यात. रेंजवर झिरो करा, वीस-पंचवीस गोळ्या झाडा आणि पुन्हा त्याच टार्गेटवर तपासा. गोळ्यांचा पुंजका सरकला असेल तर आधी माउंटचे (साइट रायफलला धरून ठेवणाऱ्या पकडीचे) स्क्रू बघा, अनेकदा तेच सैल झालेले असतात. ते घट्ट असूनही सरकत असेल तर साइट सरळ परत करा.

स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, त्यामुळे साइट तिच्यासाठी चालते असं लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका. साइट बसते ती रायफलवरची पट्टी, म्हणजे रेल, ११ मिलिमीटरची डव्हटेल (अरुंद खोबण) आहे की पिकाटिनी (आडव्या खाचांची रुंद पट्टी), हेही आधीच मोजा. आणि साइट बसवण्यापूर्वी चेंबर (गोळी बसते ती नळीची जागा) रिकामं आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.