अनोळखी संगीत जोखायचं कसं

दीक्षाभूमीच्या गर्दीत भोंग्यावर वाजणारं भीमगीत, ताजबागेतल्या उर्साची कव्वाली आणि खंजिरी भजन. ख्यालावर, म्हणजे शास्त्रीय गायनावर कान पोसलेला नागपूरकर या तिन्हींना एकाच शब्दात निकालात काढतो: "ओरडतात." पण खंजिरी भजनात आलापी शोधणं म्हणजे तर्रीपोह्यात पुरणाची गोडी शोधणं. तिथली पारख वेगळी आहे. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का? मागचे गाणारे ओळ एका दमात उचलतात का? लय चढते तेव्हा खंजिरी पुढे असते की फरफटत येते?

म्हणून नवा प्रकार हाती घेतला की "यात चांगलं काय" हे विचारू नका, "यात चूक कशाला म्हणतात" ते शोधा. चूक कळली की अर्धी पारख आली.

एका वेळी एकच प्रकार घ्या. दोन आठवडे, रोज २० मिनिटं पुरतात. पाच रचना निवडा आणि त्यातली एक तरी तीन वेगवेगळ्या कलाकारांकडून ऐका, कारण रचना कुठे संपते आणि कलाकार कुठे सुरू होतो ते तुलनेतच दिसतं. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकू नका. बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची असते. तिचा मूळ स्वर त्या स्पीकरमधून येतच नाही. मग खालच्या स्वरांवर उभं असलेलं टेक्नो किंवा रेगे पोकळ वाटलं, तर दोष त्या संगीताचा नाही. तुलना करताना आवाज सारखा ठेवा. थोडं मोठ्याने वाजलेलं कानाला आपोआप सरस वाटतं.

पहिल्या तीन ऐकण्यांत मत बनवायचं नाही, टाळी द्यायची. चक्र किती मात्रांचं आहे, जोर कुठे पडतो, परतीची जागा कोणती, हे हातानेच कळतं. इथेच आपली सवय आडवी येते. इंडोनेशियातल्या जावाच्या गॅमेलानमध्ये, म्हणजे मुख्यतः धातूच्या वाद्यांच्या ताफ्यात, मोठी गाँग वाजली की आपण ती सम समजून 'एक' मोजतो. जावानी मंडळींसाठी तो चक्राचा शेवटचा ठोका असतो. वजन शेवटाकडे सरकत जातं. आपण उलटं मोजत बसलो की सगळी रचना लंगडी वाटते. बालीच्या गॅमेलानची गंमत याहून मोठी. तिथे वाद्यांच्या जोड्या मुद्दाम थोड्या फरकाने जुळवतात, म्हणजे दोन स्वर एकमेकांवर घासून लहरी उठतात. तानपुरा जुळवणाऱ्याला हे बेसूर वाटेल, पण त्यांच्या लेखी लहर उठली नाही तर वाद्य मेलं.

रॅपसाठी वही-पेन घ्या. चार-चार मात्रांची टाळी धरून सोळा आवर्तनं ऐका आणि यमक कुठे पडतं त्यावर खूण करा. दर वेळी चौथ्या मात्रेवरच पडत असेल तर कारागिरी बेतास बात. ओळीच्या पोटात यमक, मात्रेच्या किंचित मागे रेंगाळणारा शब्द, मध्येच अर्धी ओळ गिळणं, अशा खुणा वाढल्या की कान टवकारा. सुरेश भटांच्या गझला वाचून काफियाची, म्हणजे गझलेतल्या यमकाची चटक लागलेल्यांना हे लवकर जमतं. त्यांना नुसतं 'सूर कुठाय' हे विसरायचं असतं.

कव्वाली तीन मिनिटं ऐकून बंद केली तर काहीच ऐकलं नाही. मूळ कलामात दुसरीकडचा शेर बांधतात, त्याला गिरह म्हणतात. तो शेर अर्थाने नेमका बसला का आणि तिथून मुखड्यावर परतताना मैफल उसळली का, इकडे लक्ष द्या. एकच ओळ वारंवार म्हणणं हा इथे कंटाळा नसतो. प्रत्येक फेरीत वजन बदलतंय का ते बघा.

एक सापळा मात्र हमखास लागतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी आवडू लागते. म्हणजे दहा वेळा ऐकून आवडलं, हा पुरावा नव्हे. उपाय: त्याच प्रकारातली एक सुमार वाटणारी रचनाही तितक्याच वेळा ऐका. दोन्ही सारख्याच आवडू लागल्या तर ती फक्त सवय. फरक टिकला, तर तो कुठे आहे ते एका वाक्यात लिहा. वाक्य लिहिता येत नसेल तर पारख झालेली नाही. निकाल रचनेचा आणि सादरीकरणाचा लिहायचा, 'मेटल म्हणजे गोंगाट' असा सबंध प्रकाराचा नाही. "मला आवडलं नाही" ही वेगळी ओळ, ती खाली लिहा.

प्रत्यक्ष ऐकायची संधी मिळाली तर सोडू नका. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या महोत्सवांत बाहेरच्या राज्यांचे लोककलाकार येतात. झाडीपट्टीकडे दंडार हे लोकनाट्य आहेच. कार्यक्रमानंतर वादकाला "उत्तम कसं ओळखायचं" विचारलंत तर तो नम्रपणे हसेल. त्याऐवजी विचारा, "तुमच्या गावची मंडळी कशाने उठून जातात?"